पाहुण्यांची दोरी

एल्मबरी हायस्कूलच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या मैदानावर खुर्च्यांच्या रांगा लावल्या होत्या आणि शेवटच्या चार-पाच रांगांच्या पुढे एक निळी दोरी बांधली होती. एक टोक खुर्चीच्या पाठीला, दुसरं व्हॉलीबॉलच्या खांबाला. मधोमध एक कागद लोंबकळत होता. त्यावर लिहिलं होतं, ‘पाहुणे’. दोरीच्या पुढे गावच्या मतदारांनी बसायचं. ज्यांना मत नाही त्यांनी मागे.

आपली झाडून सगळी मराठी माणसं मागे बसली होती.

एल्मबरी हे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीच्या शेजारचं छोटं गाव. वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या एका शनिवारी, गावाचा सगळा खर्च इथे उघड्यावर ठरतो. शाळेला किती, रस्त्याला किती, पोलिसांना किती. कोणीही मतदार उठतो, माईकवर जातो, बोलतो, आणि मग सगळे मिळून हात वर करतात. त्याला म्हणतात टाउन मीटिंग. इतक्या वर्षांत आपलं एकही माणूस तिकडे फिरकलं नव्हतं. दोन हजार सहा साली गेले, तेही शाळेच्या बजेटवर कात्री येणार अशी आवई उठली म्हणून. मुलांचे मार्क म्हटलं की आपण झोपेतून उठून धावतो. बाकी गाव जळलं तरी चालेल.

दुपारी श्रूजबरीला मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता, त्यामुळे सगळे नटूनथटून आले होते. बायका नऊवारीत. मंडळाचा अध्यक्ष अतुल फेटा बांधून. गाड्यांच्या डिक्क्यांमध्ये फॉइल लावलेले ट्रे. शैलजा आणि श्रीरंग पांढरीपांडेंच्या गाडीत श्रीखंडाचं पातेलं होतं, बर्फात बसवलेलं.

“वहिनी, हे बघितलंत का?” अतुलने खिशातून पिवळं कार्ड काढून शैलजापुढे नाचवलं. दारातल्या टेबलावर मतदाराचं नाव यादीत सापडलं की असं एक कार्ड हातात देत होते. “पिवळं! रेफरी दाखवतो तसं. श्रीरंग, फाउल केलास की दाखवतो तुला.”

“अहो, हळू,” त्याची बायको सीमा म्हणाली. “मंडळाची मीटिंग नाहीये ही.”

“ते माहितीये. वेळेवर सुरू झाली ना.”

म्हणजे अतुलकडे कार्ड होतं. सीमाकडे होतं. कोपऱ्यात डुलक्या घेणाऱ्या जगन्नाथकाकांकडेही होतं. आणखी पाच-सहा जणांकडे होतं. या सगळ्यांनी अमेरिकेची सिटिझनशिप घेतलेली होती, हात वर करून शपथ घेतली होती, केक कापला होता. कशासाठी घेतली म्हणाल, तर आईवडिलांना बोलावता यावं आणि विमानतळावर रांग छोटी लागावी म्हणून. कार्ड खिशात घातलं आणि येऊन बसले दोरीच्या मागे. मत नसलेले बिचारे व्हिसावाले मागे बसणारच. पण जिथे आपली माणसं तिथे आपण, या हिशेबाने मत असलेलेही त्यांच्या मांडीला मांडी लावून बसले. कोणाला त्यात काही चुकतंय असं वाटलंही नाही.

शैलजाचं कार्ड तिच्या पर्समध्ये होतं. तिचा नवरा श्रीरंग यादीत असूनही टेबलाकडे न बघता तसाच आत आला होता. “आपल्याला काय करायचंय? शाळेचं पास झालं की निघू,” तो म्हणाला होता.

शाळेचं पास झालं. आपल्या मंडळींनी मागून टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्यांना मत लागत नाही. मग सगळे पदर सावरत उठायला लागले. पोटात कावळे ओरडत होते.

शैलजा उठली नाही.

“चल,” श्रीरंग म्हणाला. “बर्फ वितळेल.”

“थांबा जरा. पुढचा विषय पोलिसांचा आहे.”

श्रीरंगचा चेहरा उतरला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला. “शैलजा. चल म्हणतोय ना.”

तेवढ्यात अतुलनेच तिची सोय केली. “अरे बसा रे! पोलिसांचा चीफ पैसे मागायला उभा राहणार आहे म्हणे. चीफ! गावापुढे! यार, हे बघूनच जाऊ.” आणि फुकटचा तमाशा म्हटल्यावर सगळे परत बसले.

आता एक गोष्ट सरळ सांगून टाकायला हवी, कारण ती दोरीच्या मागे बसलेल्यांपैकी फक्त दोघांनाच माहीत होती. शैलजा आणि श्रीरंगचा मुलगा सिद्धेश कॅलिफोर्नियात जॉबला आहे, असं सगळ्यांना सांगितलं होतं. तो कॅलिफोर्नियात नव्हता. तो तिथून दहा मिनिटांवर, त्यांच्याच घरात होता. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला त्याला आवाज ऐकू यायला लागले. डॉक्टरांनी नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. श्रीरंगने खिडक्यांवरचे सगळे ब्लाइंड्स पाडले, रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या मराठी डोळ्याला मुलगा दिसू नये म्हणून.

आणि मागच्या ऑक्टोबरात ते झालं. सिद्धेशच्या मनाने घेतलं की कोणीतरी घरात घुसणार आहे, आईला मारणार आहे. त्याने ओट्याखालची विळी उचलली आणि मांडीवर घेऊन दाराशी बसला. आईला राखायला बसला. शैलजा घाबरली. या देशात आल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, काही झालं की नऊ-एक-एक फिरवायचं. तिने फिरवलं. म्हणाली, माझा मुलगा आजारी आहे, मदत पाठवा. मदत तीन गाड्यांतून आली. लाथेने दार उघडलं, पिस्तुलं रोखली. “ड्रॉप इट! ड्रॉप इट!” त्याला ज्यांची भीती वाटत होती ते खरंच आले होते की! तो विळी कशी टाकेल? शैलजा मध्ये पडली म्हणून गोळी सुटली नाही. मग त्याला ड्राइव्हवेवर पालथा पाडून पाठीवर गुडघा रोवला. खांद्याचं हाड मोडलं. समोरच्या घरातली माणसं कॉफीचे मग घेऊन उभी होती.

विळी पुरावा म्हणून नेली ती परत आलीच नाही. केस पुढे सोडून दिली. हाड जुळलं. पण या एप्रिलपासून सिद्धेश पुन्हा औषधाच्या गोळ्या टाळायला लागला होता आणि पुन्हा दाराशी बसायला लागला होता, आता हातात लांब दांड्याची छत्री घेऊन. शैलजाला रोज सकाळी एकच प्रश्न पडायचा. आज त्याचं जास्त झालं तर बोलवायचं कुणाला? फोन केला तर तेच येणार. नाही केला तर ती एकटी.

म्हणून ती उठली नाही.

चीफ ब्रॅनिगन बोलायला निघाला, आणि शैलजा बघतच राहिली.

माणूस सहा फुटांवर, अंगात पूर्ण गणवेश, छातीवर बिल्ला. पण माईकपुढे रांग होती, आणि त्याच्या पुढे सपाता घातलेली एक म्हातारी होती. म्हातारी फुटपाथच्या फरशीबद्दल बोलत होती. सावकाश. चीफ हातात कागद धरून तिच्या मागे उभा. कोणी म्हातारीला बाजूला सारलं नाही. कोणी चीफसाठी खुर्ची आणली नाही.

शैलजाचे वडील नागपुरात शाळामास्तर. गल्लीत ठाणेदार आला की ते खुर्चीतून उठायचे आणि सदऱ्याचं वरचं बटण लावायचे. ठाणेदार त्यांच्याकडे आलेला नसायचा, बघतही नसायचा. तरी बटण लागायचं. वर्गात पन्नास पोरांना थरथर कापवणारा माणूस! ते बटण लावणारी बोटं तिला आत्ता, या जिममध्ये, स्पष्ट दिसली.

चीफचा नंबर आला. त्याला दोन नवे पोलिस हवे होते आणि मागे जाळी असलेली एक नवी गाडी. अकरा सप्टेंबरनंतर जग बदललंय, म्हणाला. फोन वाढलेत, म्हणाला. मग माणूस खरं बोलून गेला. “यातले निम्मे फोन गुन्ह्याचे नसतात. कोणी आजारी असतं, कोणी प्यालेलं, कोणी नुसतं एकटं. पण जावं आम्हालाच लागतं.”

आणखी काही सांगणार होता, तोच स्टेजवरच्या मॉडरेटरने लाकडी हातोडी आपटली. मॉडरेटर म्हणजे सभा चालवणारा, गावातला प्लंबर. मागच्या हिवाळ्यात शैलजाच्या बेसमेंटचा पाइप त्यानेच बदलला होता. “चीफ, तुमची वेळ झाली.”

“अजून एक मिनिट—”

“झाली, चीफ.”

आणि चीफ बसला. खरोखर बसला. कंबरेला पिस्तूल असलेला माणूस प्लंबरच्या शब्दाला बसला. 

“आयला,” अतुल पुटपुटला. फेटा हातात घेऊन तो पुढे वाकला होता.

मग मिसेस हॅलोरन उठली. ऐंशीच्या घरातली बाई, आधाराचा वॉकर ढकलत निघाली. पूर्वी गावच्या लायब्ररीत होती. एका दुपारी लायब्ररीत शैलजा मानसिक आजारांची पुस्तकं घेऊन कोपऱ्यात रडत बसलेली तिने बघितली होती, तेव्हापासून दोघींची ओळख. जगात एकट्या मिसेस हॅलोरनला शैलजाने सगळं सांगितलं होतं, आणि कोणाला सांगणार नाही असं वचन घेतलं होतं.

“चीफ म्हणाले ते मला पटलं,” मिसेस हॅलोरन म्हणाली. “निम्मे फोन गुन्ह्याचे नसतात. मग त्या निम्म्यांसाठी पोलिस कशाला? या ठरावाला माझी दुरुस्ती अशी आहे. या दोन नोकऱ्यांचे आणि गाडीचे पैसे पोलिसांच्या खात्यातून काढा आणि आरोग्याच्या खात्यात घाला. एक नर्स नेमा, एक समुपदेशक नेमा. आजारी माणसासाठी फोन आला की हे दोघं जातील. पिस्तूल न घेता. पश्चिमेकडच्या एका शहरात हे वर्षानुवर्षं चालू आहे. तिथे ते दार वाजवतात. दार उघडलं नाही तर पायरीवर बसून राहतात.”

“नर्स चोर पकडणार का?” कोणीतरी बसल्या जागेवरून ओरडलं. हशा पिकला.

“नाही,” म्हातारी म्हणाली. “पण चोरही नर्सला फोन करत नाही.”

आता हशा तिच्या बाजूने झाला. पण लगेच एक लाल स्वेटरवाला गृहस्थ माईकवर आला. गोल्फची टोपी, गुळगुळीत दाढी. “हे सगळं वूस्टरला होत असेल, बॉस्टनला होत असेल. एल्मबरीत नाही. मी इथे तीस वर्षं राहतोय. मॅडम, मला गावातलं असं एक घर सांगा. एकच. कुठल्या घरी आजारी माणसासाठी फोन केला आणि पोलिसांमुळे बिघडलं?”

लोक माना हलवायला लागले. बरोबर आहे, एक घर सांगा.

मिसेस हॅलोरनने मान वळवली. तिची नजर सगळ्या रांगांवरून दोरीपर्यंत आली, शैलजाच्या चेहऱ्यावर क्षणभर थांबली. मग ती खाली वॉकरकडे बघायला लागली.

“मला नाव घेता येणार नाही,” ती म्हणाली.

“मग बसा,” लाल स्वेटर म्हणाला.

 मिसेस हॅलोरनकडे एक नाव होतं. ते घेतलं असतं तर ती जिंकली असती. एका परक्या बाईला दिलेल्या शब्दासाठी ती भरसभेत स्वतःला खोटं ठरवून घेत होती. ज्या माणसांच्या भीतीने शैलजाच्या घरात अंधार झाला होता, त्यांच्यातल्या एकाने तरी तिच्यासाठी हे केलं असतं का? तिने स्वतः तरी स्वतःच्या पोरासाठी काय केलं होतं? ब्लाइंड्स पाडू दिले होते.

ती उठली.

श्रीरंगने तिचा पदर धरला. “शैलजा, मूर्खपणा करू नकोस. सगळे बसलेत. आपल्या रंगाच्या माणसाने पोलिसांविरुद्ध बोलायचं? या दिवसांत?”

“पदर सोडा.”

“लोक काय म्हणतील?”

“तेच ऐकायला चाललेय.”

ती दोरीपर्यंत गेली आणि थबकली. दोरीच्या खांबाशी एक सार्जंट उभा होता. लाल केस, गालावर वण. हा चेहरा ती विसरणं शक्य नव्हतं. त्या दिवशी सिद्धेशच्या पाठीवर गुडघा याचाच होता. तो तिच्याकडे बघत होता. त्याने हात पुढे केला. शैलजा एक पाऊल मागे सरली.

त्याने दोरी उचलून वर धरली.

“सांभाळून, मॅम,” तो म्हणाला.

त्याने ओळखलं की नाही, तिला कधीच कळलं नाही. ती वाकून दोरीखालून पलीकडे गेली.

माईक तिच्या उंचीपेक्षा वर होता. कोणीतरी येऊन खाली केला.

“मॅम,” मॉडरेटर म्हणाला, “तुम्ही पाहुण्यांत बसला होतात. पाहुण्यांना बोलायचं तर सभेची परवानगी—”

शैलजाने पर्स उघडली. रुमाल, किल्ल्या, वेलदोड्याची पुडी, आणि मग ते पिवळं कार्ड. तिने ते वर धरलं.

मॉडरेटरने चष्मा खाली केला. “तुम्ही मतदार आहात?”

“हो.”

“मग तिकडे मागे काय करत होतात?”

सगळी जिम हसली. कुत्सित नव्हतं ते हसणं. घरात एखादी पोरगी पंगत सोडून दाराशी ताट घेऊन बसावी आणि म्हाताऱ्याने तिला हाक मारावी, तसं होतं.

“सवय,” शैलजा म्हणाली.

मग तिने नाव सांगितलं, पत्ता सांगितला. मॉडरेटरने पांढरीपांडे म्हणायचा दोनदा प्रयत्न केला आणि तिची माफी मागून सोडून दिला. आणि ती बोलायला लागली.

“त्यांनी एक घर विचारलं. ते माझं घर आहे. माझ्या मुलाचं नाव सिद्धेश. तो याच शाळेत शिकला, याच जिममध्ये बक्षीस घेतलंय त्याने. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. मी फोनवर म्हटलं, तो आजारी आहे. मी चोर म्हटलं नाही. खून म्हटलं नाही. तीन गाड्या आल्या. तो मला वाचवायला दाराशी बसला होता आणि त्यांनी त्याच्यावर बंदुका धरल्या. खांद्याचं हाड मोडलं त्याचं. मी पोलिसांना वाईट म्हणत नाही. नाही, म्हणते. त्या दिवशी ते वाईट वागले. पण मी विचार करते, त्यांना दुसरं काय शिकवलं होतं? तुम्ही त्यांना बंदूक दिली, गाडी दिली, जाळी दिली. पायरीवर बसायला कोणी सांगितलं? आता तो पुन्हा आजारी पडतोय. आज, उद्या, कधीही मला फोन करावा लागेल. मला एवढंच सांगा, कोणाला करू? तुम्ही सांगा. आज सांगा. मी उभी आहे.”

आणि ती खरंच उभी राहिली. 

दोरीच्या मागे कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सिद्धेश, कॅलिफोर्नियावाला सिद्धेश! श्रीरंग उठला. बाहेरचं दार धाडकन आपटलं.

लाल स्वेटरवाला जागेवर जाऊन बसला होता. त्याने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

मॉडरेटरने दुरुस्ती मताला टाकली. आधी आवाजावर. ‘हो’चा आवाज उठला तसा ‘नाही’चाही उठला. दोन्ही सारखे. “मला सांगता येत नाही,” तो सरळ म्हणाला. “कार्डं वर करा. मोजू.”

मोजणारे रांगांमधून फिरायला लागले. शैलजा कार्ड धरून मागे वळली, आणि काय बघते? दोरीच्या मागे पिवळी कार्डं वर झाली होती. सीमाचं. जगन्नाथकाकांचं. अतुलचं तर फेट्याच्याही वर. पण मोजणारी बाई दोरीपर्यंत गेली, मान हलवली आणि परत फिरली. दोरीमागचं मत धरायचं नाही, असा नियम.

त्यांना कळलंच नाही. बापडे हात वर करून बसले होते, शाळेत मास्तरांनी बघावं म्हणून पोरं बसतात तसे.

“अहो, इकडे या!” शैलजा ओरडली. मराठीत, बेंबीच्या देठापासून, मॅसॅच्युसेट्सच्या त्या जिममध्ये. “तिथलं धरत नाहीत! दोरी ओलांडा! या ना लवकर!”

एक क्षण कोणी हललं नाही. मग सीमाने नऊवारीचा काष्टा सावरला आणि निघाली. “चला हो,” ती अतुलला म्हणाली, “फोटोपुरतं आणलंत का कार्ड?” तिच्यामागे अतुल. जगन्नाथकाकांना दोघांनी धरून उठवलं. “कशाचं मत आहे?” काकांनी विचारलं. “सिद्धेशचं,” कोणीतरी म्हणालं. “मग चला,” काका म्हणाले. सार्जंटने दोरी पुन्हा वर धरली. एकेक जण वाकून पलीकडे येत होता. अतुलचा फेटा दोरीला अडकला, पडला. सार्जंटने तो उचलून त्याच्या हातात दिला. नथी, फेटे, जरीचे काठ, आणि सगळ्यांच्या वर ती पिवळी कार्डं. पुढच्या रांगांमधले लोक सरकून त्यांना खुर्च्या देत होते.

मोजणारी बाई परत आली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

दुरुस्ती पास झाली. अगदी थोडक्यात, पण झाली.

आरडाओरडा झाला नाही. कोणी कोणाच्या पाया पडलं नाही, कोणाला हार घातले नाहीत. गावाने पोलिसांच्या हातातलं काढून नर्सच्या हातात दिलं, आणि ते करायला लागलं काय, तर पुठ्ठ्याचे तुकडे. पण शैलजाला खरा धक्का पुढेच बसला. चीफ ब्रॅनिगन पुन्हा रांगेत उभा होता. नंबर आला तसा म्हणाला, “मॉडरेटर, एक प्रश्न. या लोकांना आमच्या रेडिओवर बोलता आलं पाहिजे. जुलैत, नव्या बजेटवर, ते रुजू होणार असतील तर शिकवणार कधी? जूनमध्येच एखादा दिवस ठरवू या.”

हरला होता तो! पाच मिनिटांपूर्वी हरला होता. कुणाला बघून घेतो म्हणाला नाही, बदलीची धमकी नाही. हरलेलं काम कसं चालवायचं ते विचारत होता. शैलजाला त्या माणसाचा राग अजून होताच, पुढेही राहणार होता. पण खुर्चीचा हात धरून ती त्याच्याकडे अशी बघत होती, जसं कोणी पहिल्यांदा समुद्र बघावा.

बाहेर पडताना सीमा तिच्या बाजूने चालत आली. कॅलिफोर्नियाबद्दल एक अक्षर नाही. एवढंच विचारलं, “त्याला श्रीखंड अजून आवडतं ना ग?”

शैलजाने नुसती मान डोलावली.

श्रीरंग गाडीत बसला होता. दोन्ही हात स्टीअरिंगवर, गाडी बंद.

“नाव का घेतलंस त्याचं?” तो म्हणाला.

“नसतं घेतलं तर त्यांनी मत कोणाला दिलं असतं?”

तो स्टीअरिंगकडेच बघत होता. “पास झालं?”

“झालं. तुमच्या मताशिवाय झालं.”

हे त्याला लागलं. लागावं म्हणूनच ती बोलली होती. त्याने गाडी सुरू केली. श्रूजबरीचं वळण आलं. त्याने इंडिकेटर दिला नाही. सरळ घराकडे घेतली.

सिद्धेश दाराच्या आत, पायपुसण्यावर बसला होता. अंधार. मांडीवर छत्री. दार उघडल्यावर आलेल्या उजेडाने त्याने डोळे बारीक केले.

“हू इज कमिंग?” त्याने विचारलं.

शैलजा नऊवारीतच त्याच्या शेजारी बसली. “आज गावात ठरलं. तुला बरं नसलं आणि मी फोन केला, तर आता दुसरी माणसं येतील. जुलैपासून. एक नर्स आणि एक समजूतदार माणूस. तोवर मिसेस हॅलोरनला बोलवायचं, तिला मी निघताना विचारलंय.”

“विल दे हॅव गन्स?”

“नाही.”

“विल दे नॉक?”

“हो. दार वाजवतील.”

त्याने विचार केला. “अँड इफ आय डोन्ट ओपन?”

“तर पायरीवर बसून राहतील.”

“हाऊ लाँग?”

“तू उघडेपर्यंत.”

सिद्धेश दाराबाहेर त्या पायरीकडे बघत राहिला. सिमेंटची पायरी, कडा फुटलेली. “दॅट स्टेप इज कोल्ड, आई,” तो म्हणाला. “इव्हन इन जुलै.”

मग तो उठला. छत्री त्याने भिंतीला टेकवून ठेवली. गॅरेजमध्ये गेला, खडखडाट झाला, आणि घडीची एक खुर्ची घेऊन आला. उघडून पायरीशेजारी ठेवली, रस्त्याकडे तोंड करून. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या घरातला माणूस गवत कापता कापता थांबून बघायला लागला.

श्रीखंडाचं पातेलं हातात घेऊन श्रीरंग ड्राइव्हवेवर उभा होता. त्याने एकदा त्या समोरच्या माणसाकडे बघितलं, एकदा मुलाकडे. शैलजाला वाटलं, आता हा म्हणणार, आत चला.

त्याने पातेलं पायरीवर ठेवलं.

“दोघं येणार आहेत म्हणते ना तुझी आई,” तो सिद्धेशला म्हणाला. “एक खुर्ची कमी पडेल.”

आणि दुसरी आणायला तो गॅरेजमध्ये गेला.